मुकादमाची हजेरी

सोमवार, ४ मार्च

ही वही खरं तर माझी नाही, ह्यांची आहे. वाणी सुधारायला येणाऱ्या बाईंनी मागवली. रोज ह्यांच्या तोंडून कोणता शब्द निघाला, कशावरून निघाला, ते लिहून ठेवायचं आणि दर शुक्रवारी त्या आल्या की दाखवायचं. झटका आल्याला दोन महिने होत आले. उजवा हात आता थोडा वळतो, कठडा धरून जिना उतरतात, पण तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं, फक्त शब्दांना बाहेर यायची वाट सापडत नाही.

आजचे शब्द: काही नाही.

पान कोरं ठेवणं जिवावर येतं, म्हणून माझंच लिहिते. बाईंना वही दाखवताना ही पानं टाचणी लावून बंद करीन.

ऑफिसात आज मोठ्या बाईंनी बोलावलं. आमच्या रुग्णालयाच्या संगणक विभागाच्या त्या प्रमुख. वयाने माझ्याहून लहान, पण खुर्ची मोठी. तळमजल्यावरची जुनी यंत्रखोली महिनाअखेरीला रिकामी करून द्यायची आहे, तिथे शस्त्रक्रियेसाठी नवी खोली होणार. तिथल्या सर्व्हरवर जे जे चालतं, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांचा साठा, वॉर्डातल्या खाटा, ते सगळं वरच्या मजल्यावरच्या नव्या मशीनवर न्यायचं. आणि नुसतं न्यायचं नाही, कंटेनरमध्ये घालून न्यायचं. प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या डब्यात, आपलं सामानसुमान घेऊन. कुठला डबा कुठल्या मशीनवर ठेवायचा, कोण पडला, त्याच्या जागी कोणाला उभं करायचं, हे सगळं बघणारा एक मुख्य सर्व्हर आधी बसवायचा. तो मी बसवायचा.

"मला रजा हवी होती, बाई," मी म्हटलं. "घरी जरा..."

"माहीत आहे मला. हे झालं की घ्या. हवी तेवढी घ्या, मी सही करते. पण त्या जुन्या रिपोर्टच्या प्रोग्रॅमला हात लावणारं तुमच्याशिवाय आहे कोण?"

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी मुकाट्याने चढले. एकतीस तारखेपर्यंत काम, मग रजा, मग मी दिवसभर ह्यांच्याजवळ. असं ठरवून घरी आले. दार उघडता उघडता ह्यांना सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, "बरं केलं ना मी? नाही म्हणायला हवं होतं का? पण नाही तरी कसं म्हणणार?" हे माझ्याकडे बघत राहिले.

बुधवार, ६ मार्च

मुख्य सर्व्हरचं बारसं झालं. आमच्या विभागात नेटवर्क सांभाळतात त्यांना सगळे तारमास्तर म्हणतात. ते म्हणाले, "ताई, हा म्हणजे मुकादम. स्वतः वीट उचलणार नाही, पण कोणी कुठे उभं राहायचं ते तोच सांगणार." तेव्हापासून मुकादमच.

मुकादम नखरेल निघाला. मेमरी भरली की मशीन थोडं सामान डिस्कवर सरकवतं, ते ह्याला खपत नाही; बंद करायला लावलं. मग त्याच्या एका हाताखालच्या मशीनचं घड्याळ मागे होतं. तेवढ्यावरून त्याने माझं प्रमाणपत्र नाकारलं, म्हणे ह्याची तारीख अजून उजाडलेलीच नाही. घड्याळ लावलं. हाताखालचं मशीन टोळीत घ्यायला एक टोकन लागतं, परवलीच्या शब्दासारखं. ते मी कालच काढून ठेवलं होतं, हुशारी करून. ते दिवसात शिळं होतं हे आज कळलं. शेवटी एकदाची सगळी मशीनं आत आली, तर प्रत्येकापुढे एकच शेरा: तयार नाही. तयार नाही. तयार नाही. माझी एवढी वर्षं ह्या कामात गेली आणि परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी मी त्या शेऱ्याकडे बघत बसले.

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, "चहा हवा ना?" तोंड उघडलं, ओठ जुळवले. हवाच असणार म्हणून ठेवला. तो तसाच गार झाला.

वन्सं म्हणाल्या, "त्याला पाणी हवं होतं."

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. झटक्याचं कळलं तशा धावून आल्या आणि अजून इथेच आहेत, म्हणून मी ऑफिसला जाऊ तरी शकते. दिवसभर ह्यांच्याशेजारी बसून लोकर विणतात, तोंडातून अक्षर नाही.

"तुम्हाला कसं कळलं?"

"म्हणाला ना. पाणी."

"केव्हा?"

"तू आत गेलीस तेव्हा."

आता वन्सं कानाला यंत्र लावतात आणि अर्धा वेळ ते यंत्र खणात असतं. त्यांना काय आणि किती ऐकू येणार? भावावरच्या मायेपोटी ऐकू येत असेल. मी स्वतः ऐकलं नाही, तेव्हा मी ते लिहीत नाही. इथे खोटी नोंद व्हायला नको.

शुक्रवार, ८ मार्च

तारमास्तरांनी मशीनं एकमेकांशी बोलावीत म्हणून जाळ्याचा थर चढवला आणि सगळी मशीनं झाली की हो तयार. औषधसाठा आणि खाटांचा प्रोग्रॅम डब्यांत घालून सोडले, टुणकन उभे राहिले. मुद्दाम एक पाडून बघितला. मी खुर्ची सरसावेपर्यंत मुकादमाने त्याच्या जागी दुसरा उभा केलेला. तो दर थोड्या वेळाने हजेरी घेतो: आहेस का? आहे. आहेस का? आहे. ज्याने ओ दिली नाही तो मेला असं समजून काढून टाकतो आणि नवा आणतो. कोणाच्या घरी असा एक असता तर किती सोय होती.

वाणीच्या बाई संध्याकाळी आल्या. ह्यांच्यासमोर एक किल्ली धरली आणि विचारलं, "हे काय आहे?" आणि बसल्या. नुसत्या बसल्या. हे ओठ हलवतायत, कपाळावर घाम, मान एकीकडे ओढली गेली, आणि ह्या आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितल्यासारख्या शांत. माझ्याच्याने बघवेना. मी म्हटलं, "किल्ली! किल्ली म्हणा, कि, कि..."

बाई माझ्याकडे वळून गोड हसल्या. "तुम्ही जरा चहा करता का?"

म्हणजे मला आत पिटाळलं. मी चहा टाकला आणि ओट्याशी धुसफुसत उभी राहिले. बाहेर आल्यावर बाई ह्यांना म्हणत होत्या, "छान. फार छान." मी विचारलं काय छान, तर म्हणाल्या, "बोलले. विचारून झालं की तुम्ही जरा थांबत जा, एवढंच. आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त."

मी थांबते. मी खूप थांबते. ह्यांच्या आधी माझं तोंड उघडत असेल कधी कधी, पण ते धीर द्यायला. आणि मी चहा गाळत असताना बोलले म्हणे. सगळेच कसे माझी पाठ वळल्यावर बोलल्याचं ऐकतात?

मंगळवार, १२ मार्च

आज आजोबांना हलवलं.

आजोबा म्हणजे तो जुना रिपोर्टचा प्रोग्रॅम. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या आधीच्या एका गृहस्थांबरोबर बसून लिहिलेला. रक्त, लघवी, छातीचा फोटो, कुठल्याही तपासणीचा निकाल वॉर्डात दिसतो तो त्याच्या जिवावर. एकदा सुरू झाला की महिनोन् महिने तक्रार नाही, म्हणून कोणी त्याला कधी बंदच केला नाही. त्याच्याशिवाय हलणं व्यर्थ, बाकीचं सगळं वर नेलं आणि हा खाली राहिला तर खोली रिकामी झाली असं म्हणता येणार नाही.

डब्यात घातला, सोडला. उभा राहिला. जुने रिपोर्ट वाचायला लागला, त्याची सवयच ती, आधी सगळं वाचून घेतो मग दार उघडतो. वाचतोय, वाचतोय, आणि मध्येच गप. मेला. मुकादमाने नवा उभा केला. तोही वाचतोय, वाचतोय, गप. दिवसभर हेच. पडणं, उठणं, पडणं. लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदीत, चूक म्हणून एक ओळ नाही. कोणी वाक्य अर्ध्यात तोडावं तशी शेवटची ओळ, आणि पुढे पुन्हा पहिल्यापासून.

मेमरी वाढवली. डिस्क बदलली. दुसऱ्या मशीनवर नेला. हात टेकले.

आजचे शब्द: काही नाही. मी तरी ऐकले नाहीत.

गुरुवार, १४ मार्च

आजोबा कुठेतरी अडकून बसत असावा असा माझा अंदाज. अडकलेला ताबडतोब कळावा आणि ताबडतोब नवा यावा, म्हणून मी हजेरी कडक केली. मुकादमाने आता दुपटीने विचारायचं, आणि उत्तराची वाट निम्मीच बघायची. परिणाम असा की आजोबा आता दुप्पट वेगाने मरतो. आधी निदान थोडं वाचून तरी मरायचा.

तारमास्तर म्हणाले, "ताई, सोडा आज. घरी जा. तुमचा चेहरा त्या स्क्रीनपेक्षा पांढरा झालाय."

घरी तरी काय आहे? ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. आज मी वेगळी युक्ती केली. मोठी उत्तरं जमत नाहीत तर लहान मागावीत. भूक लागली? पाठ दुखते? खिडकी उघडू? बंद करू? दिवा लावू? एकाचं उत्तर आलं नाही की लगेच पुढचं, म्हणजे कुठे ना कुठे तरी हो सापडेल. हे आधी माझ्या तोंडाकडे बघत होते, मग हळूहळू खाली, स्वतःच्या हाताकडे बघायला लागले. शेवटी डोळे मिटले. मी म्हटलं, झोप येतेय का? झोपा मग.

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. माणूस समोर बसलेलं आहे आणि माझ्या हातात काही नाही. मशीन असतं तर उघडून तरी बघितलं असतं.

शनिवार, १६ मार्च

वन्संना मंगळवारी परत जायचंय. त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं आहे, ते पुढे ढकलता येत नाही. सकाळी विणकाम खाली ठेवून म्हणाल्या, "अगं, ह्याला मी घेऊन जाते. माझा मुलगा घरी आहे, सून आहे, खालीच बाग आहे. तुझं काम होईपर्यंत राहू दे. तुलाही..."

"मलाही विश्रांती, तेच ना? पण वन्सं, त्यांना परकं वाटेल. आणि वाणीच्या बाईंचं काय? तिकडे कोण मिळणार? आणि लोक काय म्हणतील, नवरा आजारी पडला आणि बायकोने पाठवून दिला?"

वन्सं माझं संपेपर्यंत थांबल्या आणि मग नुसतं म्हणाल्या, "त्याला विचार."

ह्यांना विचारायचं. मला हसू आलं, मग रडू. ह्यांना तर धड तब्येत असतानाही काही विचारायची सोय नव्हती. जमीन मोजणीच्या खात्यात अख्खी नोकरी झाली ह्यांची, एकदा मोजलेलं पुन्हा मोजल्याशिवाय कागदावर मांडायचं नाही हा स्वभाव. आमचं लग्न मीच विचारलं होतं. बसथांब्यावर उभे होतो. मी म्हटलं, "करायचं का आपण लग्न?" आणि हे रस्त्याकडे बघत राहिले. माझी बस आली, गेली. ह्यांची आली, गेली. पुन्हा माझी आली, तीही गेली. मग म्हणाले, "हो. पण मी फार बोलत नाही, चालेल का?" मी म्हटलं, माझं बोलणं दोघांना पुरेल. पुरलंच की एवढी वर्षं. त्या दिवशी मला घाई कशी नव्हती, देव जाणे.

तर विचारलं. शेजारी बसून, हात हातात घेऊन. "वन्संकडे जाता का? महिनाअखेरपर्यंतच. इथे दिवसभर एकटे कसे राहणार तुम्ही?" ह्यांनी तोंड उघडलं. डावा हात माझ्या हातातून सोडवून घेतला आणि हवेत उचलला. काहीतरी आहे असं वाटलं. मी म्हटलं, "नको असेल तर नको हं, मी काही ढकलत नाहीये. पण मग कोण बघणार? मला तर रजा मिळत नाही. जाता ना? काम झालं की लगेच न्यायला येते." हात खाली आला. तोंड मिटलं. मान हलली, मला वाटतं हलली.

म्हणजे ठरलं. समजूतदारपणा पहिल्यापासूनच आहे ह्यांच्यात.

सोमवार, १८ मार्च

रंगीत तालीम फसली. जुना आजोबा खाली चालूच आहे म्हणून कोणाचं नुकसान झालं नाही, पण एका वॉर्डाला नव्याकडे वळवलं आणि पडदा कोरा. परिचारिकेने फोन करून विचारलं, "रिपोर्ट आहेत की गेले?" मोठ्या बाई माझ्या मागे उभ्या. आजोबा उठला, पडला, उठला, पडला. निघताना बाई म्हणाल्या, "बाहेरून कोणाला बोलवायचं का?"

बोलवा, मी म्हटलं. एवढी वर्षं मी कोणाला बोलवू दिलं नव्हतं.

ह्यांची पिशवी भरली. गोळ्या, स्वेटर, चष्मा, वाचता येत नाही तरी वर्तमानपत्र.

मंगळवार, १९ मार्च

गेले.

गाडीत वन्संच्या शेजारी बसवलं, पट्टा लावला, खिडकीची काच खाली केली. चालकाने गाडी सुरू केली तशी ह्यांनी डावा हात बाहेर काढून माझी बाही धरली. तोंड उघडलेलं. मी म्हटलं, "हो, हो, करते ना फोन. रोज करते. गोळ्या वन्संकडे दिल्यात. काळजी करू नका." बाही सोडवून घेतली, हात आत ठेवला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत उभी होते.

घरात आल्यावर चहा केला आणि दोन कप भरले.

शुक्रवार, २२ मार्च

सापडलं! एवढे दिवस मी एकदाही लिहिलं नाही ते आज लिहिते: मी आनंदात आहे. मूर्ख ठरले तरी आनंदात आहे.

तारमास्तर सकाळी आले, बाहेरचा माणूस सोमवारी येणार म्हणून माझ्याबरोबर शेवटचं एकदा बसले. मी आपली आजोबाचाच लॉग वर-खाली करत होते. ते म्हणाले, "ताई, ह्याचंच काय वाचत बसलात? ज्याच्यासमोर मेला त्याला विचारा की." आणि मुकादमाची स्वतःची नोंद उघडली. मी ती उघडलीच नव्हती. मुकादम मी बसवलेला, तो चुकणार नाही, असं गृहीतच धरलेलं. त्यात ओळीने एकच: हजेरीला ओ नाही, काढून टाकला. हजेरीला ओ नाही, काढून टाकला.

आजोबा आजारी नव्हताच. त्याला फक्त उठायला वेळ लागतो. सगळे जुने रिपोर्ट वाचून झाल्याशिवाय तो दार उघडत नाही, आणि जुन्या मशीनवर त्याला कोणी घाई केली नव्हती म्हणून किती वेळ लागतो ते कोणाला कधी कळलंच नव्हतं. औषधांचा प्रोग्रॅम तरुण, टुणकन उठणारा. त्याच्या हजेरीचे आकडे मीच उचलून आजोबाला लावले. मुकादम विचारतोय, आहेस का? आजोबा आतून येतोच आहे, पायात चपला घालतोय, आणि हा बाहेरून, नाहीस ना? बरं, मेलास. लगेच दुसरा. तोही निम्म्या वाटेवर. आणि मी काय केलं? हजेरी आणखी कडक केली!

"म्हणजे मारत कोण होतं?" तारमास्तर म्हणाले.

"मीच."

एक ओळ बदलली. पहिली हजेरी घेण्याआधी भरपूर थांब, आणि ओ आली नाही तरी पुन्हा पुन्हा वाट बघ. मग दोघं हाताची घडी घालून बसलो. वाचतोय, वाचतोय. माझा हात दोनदा कळफलकाकडे गेला, तारमास्तरांनी दोन्ही वेळा नुसतं बघितलं. तारमास्तर चहा पिऊन आले. वाचतोय. आणि मग शांतपणे, काही घडलंच नसल्यासारखा: तयार. मला इतकी दया आली त्याची. बिचारा प्रत्येक वेळी येतच होता.

मोठ्या बाईंनी बाहेरच्या माणसाला नको म्हणून कळवलं. वॉर्ड एकेक करून वळवायचे, आठवड्यात संपेल.

ही बातमी कोणाला सांगू? ह्यांनाच लावला फोन. वन्संनी उचलला आणि ह्यांच्या कानाला लावून दिला. मी आजोबाची सगळी हकीकत सांगितली. मग विचारलं, "तुम्हाला बरं आहे ना तिकडे? करमतं ना? राहाल ना एकतीस तारखेपर्यंत?" पलीकडे काही नाही. "ऐकू येतंय का? हॅलो? हॅलो?" काही नाही. लाइन गेली असणार, तिकडे नेहमीच जाते म्हणतात. ठेवला. पुन्हा लावला तर लागेना. असो, उद्या करीन.

रविवार, २४ मार्च

काल वॉर्ड वळवण्यात दिवस गेला, फोन राहिला. आज सकाळी केला. वन्संनी उचलला. मी आपलं सुरू केलं, गोळ्या वेळेवर घेतात का, डोळ्याच्या ऑपरेशनचं काय झालं, परवा मध्येच लाइन गेली...

"लाइन नव्हती गेली," वन्सं म्हणाल्या.

"मग?"

"तू ठेवलास. तो फोन कानाला धरून बसलेला होता. मग म्हणाला, नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"पुन्हा म्हणाला, नाही राहणार. घरी. मी म्हटलं, अरे, कोणाला सांगतोस? तिने कधीच ठेवला. तर फोन काही देईना माझ्याकडे. बराच वेळ तसाच."

"वन्सं, मला लगेच का नाही सांगितलं?"

"सांगणार होते. निघायच्या आधीपण सांगणार होते, तो मला म्हणाला होता तेव्हा. पण अगं, तू बोलू कुठे देतेस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी खुर्चीवर बसले. ही वही समोरच होती. काही नाही, काही नाही, काही नाही. सगळं माझ्याच अक्षरात. पाणी मी लिहिलं नाही. किल्ली लिहिली नाही. त्या शनिवारी हात उचलला होता तो काय म्हणायला, ते आता मला माहीत आहे. गाडीच्या खिडकीतून बाही धरली होती ती कशासाठी, तेही. मी ती सोडवून घेतली. परवा आजोबाची दया येऊन माझे डोळे भरून आले होते, पानभर लिहिलंय मी त्याच्यावर, आणि त्याच पानाच्या शेवटी फोन ठेवलाय.

"त्यांना द्या फोन," मी म्हटलं. "आणि वन्सं, मी उद्या न्यायला येते. रजा मिळो न मिळो."

"देते. पण मग घाई करू नकोस हं."

खुर्ची सरकवल्याचे आवाज आले. मग ह्यांचा श्वास. मी ओळखते तो.

"मी आहे," म्हटलं. आणि डाव्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं, खरोखर, लहान पोराचं धरतात तसं.

पलीकडे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. बागेत कोणीतरी कोणाला तरी हाक मारली. श्वास चालू होता. मध्ये एकदा तो अडखळला, मला वाटलं आता, पण नाही. माझ्या घशाशी वीस प्रश्न येऊन उभे. बरे आहात का? रागावलात का? ऐकू येतंय का? मी हात काढला नाही. फोन कानाशी गरम झाला. मला ती बस आठवली, आली आणि गेली.

मग आवाज आला. जाडसर, ओळखीचा, अर्ध्यावर घासला गेलेला.

"तू..."

मी थांबले.

"तू... बोल... ना."

मी हात काढला. बोलायचं होतं. जन्मभर जे दोघांना पुरेल म्हणून सांगितलं होतं, त्यातलं काहीतरी. तोंड उघडलं, ओठ जुळवले, आणि एक शब्द सापडेना. नुसतीच उघड्या तोंडाने फोन धरून बसले.

पलीकडे श्वास चालू होता. ह्यांनी काही विचारलं नाही, हॅलो म्हटलं नाही. फोन ठेवला नाही.